स्तेफनाच्या दिवशीची पंगत

डिसेंबर संपत आला, उसाच्या गाड्या करकरत कारखान्याच्या वाटेला लागल्या, की माझं डोकं फिरायला लागतं. खरं तर हवा किती छान असते. सकाळी पंचगंगेकडून धुकं येतं, गावाबाहेर गुऱ्हाळं पेटलेली असतात आणि वारा तिकडचा असला की कढत्या रसाचा वास थेट आमच्या गल्लीत शिरतो. त्या वासानं लोकांना भूक लागते. मला राग येतो. हा राग आता सतरा वर्षांचा झाला आहे, आणि तो नाताळाच्या दुसऱ्या दिवशीचा आहे.

नाताळ सगळ्यांना ठाऊक असतो. शेजारच्या बायका आमच्या करंज्यांची वाट बघतात, दारातल्या कागदी ताऱ्याचं कौतुक करतात. पण सव्वीस तारखेला मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा मागते, तेव्हा आमचे हेडमास्तर दरवर्षी न चुकता म्हणतात, "बाई, सण काल झाला की तुमचा." मी सांगते, आज स्तेफनाचा दिवस. ते विचारतात, हे कोण? मी सांगते. पुढच्या वर्षी ते पुन्हा विचारतात. एकदा आमच्या गल्लीतल्या एका पोरानं कुठंतरी ऐकलं की इंग्रज लोक या दिवसाला बॉक्सिंग डे म्हणतात. तालमीत ही बातमी पोचली आणि दोन पैलवान दारात येऊन विचारून गेले की कोण कोण खेळणार हाय, आणि कुठल्या मैदानात. ती इंग्रजांची पेटी असते, गरिबांसाठी उघडायची, हे त्यांना पटवताना माझा चहा गार झाला.

हे अनोळखी लोकांचं झालं. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या लोकांना तरी हा दिवस कुठं ठाऊक आहे? आदल्या दिवशीच्या उपासनेनं, पाहुण्यांनी आणि मटणानं सगळे शिणलेले असतात. सव्वीस तारखेला देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, झाडू मारायलासुद्धा कुणी येत नाही.

पूर्वी असं नव्हतं. फार पूर्वी कुणा इंग्रज मडमेनं एक रीत घालून दिली होती. स्तेफनाच्या दिवशी मंडळीतल्या सगळ्या विधवा बायकांना देवळाच्या आवारात जेवण द्यायचं. शहरातल्या आणि खेड्यातल्याही. मडम गेली, रीत राहिली. माझे बाबा म्हणजे प्राथमिक शाळेतले मास्तर आणि मंडळीतले सेवक. या दिवसाचा सगळा भार त्यांच्यावर असायचा, आणि त्यांना तो नाताळाहून प्यारा होता. ते म्हणायचे, काल पाळणा झाला, आज दगड. गोड गोड गोष्टीत माणसं अडकून पडू नयेत म्हणून जुन्या लोकांनी हे दोन दिवस शेजारी ठेवले आहेत.

स्तेफनाची गोष्ट बाबांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकली होती की मला ती पाठ होती. येशूच्या पश्चात यरुशलेमात जी पहिली मंडळी जमली तिथं रोज गरिबांना अन्न वाटलं जायचं. पण तिथं दोन भाषांचे लोक होते. एका भाषेच्या विधवांना नीट मिळायचं, दुसऱ्या भाषेच्या विधवा वाटपात राहून जायच्या. त्यांच्या माणसांनी कुरकूर केली. तेव्हा प्रेषितांनी वाढपासाठी सात माणसं निवडून घेतली, नावांवरून तरी सगळी त्या राहून गेलेल्यांच्याच भाषेची, आणि त्या सातांत पहिला स्तेफन. पुढं तो लोकांना तोंडावर खरं बोलला म्हणून त्याला शहराबाहेर नेऊन दगडांनी मारलं. ख्रिस्तासाठी मेलेला पहिला माणूस हा वाढपी होता, असं बाबा म्हणायचे, आणि इथं त्यांचा आवाज दरवर्षी बसायचा.

साठचं दशक सरत आलं होतं, मी सतरा वर्षांची होते. त्या वर्षी पहिल्यांदा माझ्या हातात मटणाचं ओगराळं आलं. तोवर मी पाणी वाढायची. मोठी झाल्याचा मला कोण अभिमान वाटला.

सकाळी दहाला उपासना झाली. बाबांनी तीच गोष्ट सांगितली. शहरातल्या बायका पुढच्या बाकांवर होत्या, शाली पांघरून. गडमुडशिंगीच्या आणि कागलच्या बाजूच्या बायका पहाटेपासून चालत, काही बैलगाडीनं आल्या होत्या, त्या मागं सतरंजीवर आणि व्हरांड्यात बसल्या होत्या. त्यांना तिथं बसा असं कुणी सांगितलं नव्हतं. त्या आपणहून तिथं बसायच्या आणि पुढं या असंही कुणी म्हणायचं नाही.

जेवणाचंही तसंच. शहरातल्या बायका हॉलमध्ये बाकांवर, मडमेच्या काळातल्या काचेच्या बश्यांत. खेड्यातल्या बायका बाहेर चिंचेखाली, पत्रावळीवर, आणि आतलं आटोपल्यावर. जागा पुरत नाही, बश्या पुरत नाहीत, अशी कारणं होती. मला ती कारणं खरी वाटायची. लहानपणापासून बघितलेलं असलं की ते तसंच असायचं असतं, असं वाटतं.

मटण हसनचाचा शिजवायचे. लग्नाकार्यात मोठ्या जेवणावळी करणारा तो माणूस या दिवशी आमच्याकडे हक्कानं यायचा. सकाळपासून तीन दगडांवर डेग चढलेली, चाचा डोक्याला मफलर गुंडाळून जाळ सारखा करत बसलेले, आणि खोबरं-तिळाच्या वाटणाचा वास आवारभर. त्या वर्षी त्यांनी झाकण काढून बाबांना दाखवलं आणि म्हणाले की आत-बाहेर सगळ्यांना पोटभर होऊन आपल्या दोघांना उरेल.

मी हॉलमध्ये शिरले. आतल्या सगळ्या म्हाताऱ्या माझ्या ओळखीच्या. एकीनं मला बाराखडी शिकवली होती, एक पाळकसाहेबांच्या सासूबाई, एक आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंची आई. जी ती माझा हात धरायची. किती मोठी झालीस गं. बाळ, जरा नळी बघ. काळजाचा तुकडा असला तर घाल. मी डेगचीत खोल ओगराळं घालून शोधून शोधून वाढत होते. दुसऱ्यांदा वाढत होते, कुणी नको म्हटलं तरी वाढत होते. माझं सगळीकडून कौतुक चाललं होतं. त्या अर्ध्या तासाइतकी चांगली मुलगी मी आयुष्यात पुन्हा कधी झाले नाही.

बाहेर पंगत बसली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पहिल्या रांगेला मानेची हाडं आणि रस्सा मिळाला. दुसऱ्या रांगेला रस्सा. शेवटच्या रांगेच्या टोकाला पाच-सहा बायका राहिल्या, तोवर भातही संपला. कुणीतरी धावत जाऊन भाकरी आणि चटणी आणली.

त्या टोकाला सारूबाई बसल्या होत्या. गडमुडशिंगीच्या, पन्नाशीच्या, दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या उठल्या, आपली कोरडी पत्रावळ तशीच हातात धरून हॉलच्या दारापर्यंत आल्या. आत बायका चहा पीत होत्या. बाबा दारातच उभे होते. सारूबाई आवाज न चढवता बोलल्या, पण आमच्याकडचं बोलणंच असं, की सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"मास्तर, सकाळी तुमी गोष्ट सांगितली ती कुणाची हुती? त्या यरुशलेमच्या बायकांची का आमची?"

बाबा त्या पत्रावळीकडे बघत राहिले. उत्तर दिलं ते मंडळीच्या चिटणीसांनी. सणाच्या दिवशी अन्नावरून तमाशा कशाला, असं काहीतरी बोलून, मग पाठमोऱ्या सारूबाईंना ऐकू जाईल अशा बेतानं, हळू आवाजात ते म्हणाले की काही लोक देवळात पोटासाठीच येतात. सारूबाई थांबल्या नाहीत. त्यांच्यामागून खेड्यांतल्या सगळ्या बायका उठल्या, चपला शोधल्या आणि फाटकातून बाहेर पडल्या.

मला खोटं सांगायचं नाही. त्या वेळी माझा राग चिटणीसांवर नव्हता, सारूबाईंवर होता. वर्षभर वाट बघितलेला बाबांचा दिवस तिनं नासवला असं मला वाटलं. एक दिवस भाकरी खाल्ली असती तर काय झालं असतं? डेग घासताना मी हे आईजवळ बोललेही. हसनचाचा जवळच राख सारत होते. ते बाबांना म्हणाले, "जेवन कमी न्हाई पडलं, मास्तर. मी करतो तेवढं बराबर करतो. वाढनारा हात चुकला." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि न बघितल्यामुळेच मला समजलं.

घरी गेल्यावर बाबांनी मला एकच विचारलं, हॉलमध्ये तू कुणाकुणाला दोनदा वाढलंस? मी म्हटलं, आठवत नाही. मला सगळ्या आठवत होत्या.

पुढच्या आठवड्यात बाबा मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून गडमुडशिंगीला घेऊन गेले. सारूबाई गुऱ्हाळावर कामाला होत्या. रसाची कढई उकळत होती, धूर जमिनीलगत पसरला होता, आणि त्या चुलवणात घालायला वाळलेलं चिपाड ओढत होत्या. बाबांनी हात जोडले. त्या काम न थांबवता म्हणाल्या, "माफी कशाला मागताय? भाकरी खाऊन मी मेलो न्हाय. पर ती रांग कुणी लावली, तेवढं सांगा." आमच्याकडच्या बायका आलो, गेलो, मेलो असंच बोलतात. बाबा म्हणाले, आम्हीच लावली. त्यावर त्यांनी पहिल्यांदा मान वर करून बाबांकडे नीट बघितलं. मग उसाच्या पानावर कोमट गूळ आणून आमच्या पुढं धरला. बाबांनी घेतला. मी माझा तसाच पानात गुंडाळला, कारण बाबा ज्याची माफी मागत होते ते मी केलं होतं आणि मी नुसती उभी होते.

त्यानंतरचं वर्ष आठवलं की मला अजून दात-ओठ खावेसे वाटतात. बाबांनी मंडळीच्या पंचांच्या बैठकीत साधी मागणी ठेवली. पुढच्या वर्षीपासून पंगत एकच असावी, गावच्या बायकांना आधी वाढावं, आणि वाढायला सात माणसं असावीत, तीही खेड्यांतल्या मंडळ्यांनी निवडलेली. गोष्टीत होती तशीच. जानेवारीत सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विचार करू म्हटलं. फेब्रुवारीत माणसं पुरेशी जमली नाहीत. नंतर एका बैठकीत 'गावच्या' या शब्दावर हरकत आली, आपल्यात गावचे-शहरचे असा भेद नाही म्हणून. त्याच्या पुढच्या बैठकीत 'आधी' या शब्दावर. एक जण म्हणाले, सातच का? बाबा दर वेळी इस्त्रीचा शर्ट घालून जायचे आणि परत आल्यावर खुंटीला टोपी अडकवून बराच वेळ तिच्याकडे तोंड करून उभे राहायचे. कुणीही त्यांच्याशी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. सगळे त्यांना, मास्तर तुमचं मन मोठं आहे, असं म्हणायचे.

नोव्हेंबरात निर्णय झाला. वाद नको म्हणून स्तेफनाच्या दिवसाचं जेवणच बंद. त्याऐवजी प्रत्येक विधवा बाईला फराळाचा पुडा घरपोच द्यायचा. आत-बाहेर नाही, आधी-नंतर नाही, सगळ्यांना सारखं. ठरावात बाबांचे आभार मानले होते. पुडे पोचवायचं कामही त्यांनाच दिलं.

चोवीस तारखेला आम्ही दोघं पुडे घेऊन गडमुडशिंगीला गेलो. सारूबाईंनी पुडा हातात घेऊन उलटसुलट केला. करंज्या, चार शंकरपाळ्या, केकचा तुकडा. त्यांनी विचारलं, जेवान न्हाय का? बाबांनी सगळं सांगितलं. त्या उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे ह्ये दार लावून एकटीनं खायाचं? रोज एकटीच खातो की, मास्तर. त्याला सण कशाला पायजे?"

मग त्यांनीच ठरवलं. परवा त्यांच्या वस्तीत, प्रार्थनेच्या खोलीपुढं पंगत बसेल. प्रत्येकीनं घरात असेल ते आणायचं. शहरातल्या बायकांना बाबांनी निरोप द्यायचा, त्यांनी काही आणायचं नाही, नुसतं जेवायला यायचं. बाबांचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्याकडे बघवेना. नाताळाच्या दिवशी उपासनेनंतर ते एकेका बाईजवळ गेले. सगळ्यांनी बघू म्हटलं. पंधरा तरी येतील, असं त्यांनी सारूबाईंना कळवलं.

सव्वीस तारखेला वस्तीत जमीन सारवून, पाणी मारून पंधरा पत्रावळी आधी मांडलेल्या होत्या. पहिली रांग पाहुण्यांची. आई, बाबा आणि मी असे तिघं गेलो. हसनचाचा कुणी न बोलावता सायकलला डेगची बांधून आले. बस आली, बाबा उठून वळणापर्यंत गेले. ती गेली, पुढची आली. कुणाचे गुडघे दुखत होते, कुणाकडे पाहुणे होते, हे आम्हाला नंतर कळलं. एकसुद्धा बाई आली नाही.

सारूबाईंनी बराच वेळ वाट बघितली. मग रिकाम्या पत्रावळी उचलून त्या एकावर एक ठेवायला लागल्या. मी मदतीला वाकले आणि माझ्या तोंडून एकदम निघून गेलं की त्या दिवशी हॉलमध्ये मटण मी वाढत होते.

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "दारातनं बघितलं की तुला. हात वळखीकडंच जातोय, पोरी. तुझा बी जातोय, माझा बी जाईल. म्हणून तर वाढाय दुसरी मानसं लागत्यात."

बाबांनी वर्षभर बैठकांमधून जे सांगितलं आणि कुणाला कळलं नाही, ते सारूबाईंनी पत्रावळी रचता रचता सांगितलं. मला माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

बाबांना जाऊन आता सहा वर्षं झाली. पुडे अजून वाटले जातात, फक्त आता ते प्लास्टिकच्या पिशवीत असतात. मी पंचांत निवडून आले तेव्हा पहिल्याच बैठकीत जेवणाचा विषय काढला. पुढच्या वर्षी पुन्हा काढला. आता माझ्या नावापुढं तो विषय आपोआप लिहिलेला असतो आणि शेवटी, माणसं उठायला लागल्यावर, घेतला जातो. मोठ्या मनाची बाई, असं माझ्याबद्दलही बोलायला लागले आहेत. मला त्याची भीती वाटते. बाबांना हेच म्हणून म्हणून गप्प केलं होतं. गेल्या वर्षी मी रागानं बोलले, टेबलावर हात आपटला. तर मला पाणी आणून दिलं.

सारूबाईंच्या वस्तीतली पंगत मात्र काही वर्षं चालली. मी जमेल तेव्हा जायची. पुढं त्या थकल्या, मुलाकडे शाहूवाडीला गेल्या आणि तिकडेच वारल्या. पण ऊस रस्त्याला लागला की मला आठवतो तो त्या पंगतीचा पहिल्या वर्षीचा दिवस, कारण त्या दिवशी त्यांनी बाबांना जे विचारलं ते मी नंतर तीन पाळकांना विचारलं आहे. एक म्हणाले, तो मुद्दा नाही. दुसरे म्हणाले, बघून सांगतो. तिसरे म्हणाले, ते गृहीत धरायचं असतं.

झालं असं, की पाहुणे येत नाहीत हे नक्की झाल्यावर बाबांनी बायबल उघडलं आणि उन्हात उभं राहून स्तेफनाची गोष्ट सांगितली. या वेळी आवाज बसला नाही, तो आधीच बसलेला होता. दगडांपर्यंत आले, स्तेफनानं मारणाऱ्यांसाठी प्रार्थना केली आणि डोळे मिटले, तिथं ते थांबले. सारूबाई चुलीजवळून म्हणाल्या, "आन् त्या बायकांचं काय झालं?"

बाबांनी विचारलं, कुठल्या?

"ज्यांच्यापायी ह्यो सगळा दंगा झाला, त्या. ह्यो तर मेला. मग त्यास्नी मिळालं का न्हाय?"

बाबांनी पान उलटलं. पुढचं उलटलं. मागं आले, बोट ओळींवरून फिरवत खालपर्यंत गेले. मी त्यांना इतक्या वर्षांत शास्त्रात काही शोधताना बघितलं नव्हतं, त्यांना सगळं तोंडपाठ असायचं. वारा सुटला होता, पानं फडफडत होती आणि ते ती अंगठ्यानं दाबून धरत होते. शेवटी ते म्हणाले, "ते लिहिलेलं नाही, सारूबाई."

सारूबाईंनी मान हलवली, जणू त्यांना हेच ऐकायचं होतं. मग त्या वाढायला उभ्या राहिलेल्या शेजारणीकडे वळल्या. पाय मोडून घरात पडलेली एक म्हातारी आली नव्हती. "तिचा वाटा आदी काढ," त्या म्हणाल्या. "मग बाकीच्यास्नी वाढ."